अंगठ्याएवढा गंज

दिनूमामा,

तुला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी तुझ्याबद्दल पुष्कळ खोटं बोलले. "आमचं छान जमायचं," असं दुबईत करामातल्या शेजारणींना सांगितलं. "मामा म्हणजे माझा मित्रच," असं पुण्यातल्या मंडळींना फोनवर सांगितलं. आईने ते ऐकलं. दुधाखालचा गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला माहीत आहे की दीड वर्षात मी तुला चार फोन केले. त्यातला एक चुकून लागला होता.

म्हणून लिहिते आहे. मला पत्रकं लिहिता येतात, दुसरं काही येत नाही. पत्रकात कुणाला तरी पिंजऱ्यात उभं करायचं असतं. आज मी उभी आहे, तेव्हा भाषा तीच चालेल.

लोकांना वाटतं तू बंदुकांचा शौकीन होतास. हे मीच पसरवलं. तू कोल्हापूरचा फिटर. शिरोलीच्या कारखान्यात लेथवर तुझा उजवा अंगठा फाटला, टाके पडले आणि नखापासून खालपर्यंत एक पांढरी रेघ राहिली. त्या अंगठ्यानिशी तू दुबईच्या पलीकडे रास अल खैमात आलास, सिरॅमिकच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायला. तिथल्या एका शूटिंग क्लबचे मालक बू राशिद जुन्या जर्मन पिस्तुलांचे वेडे. एका पिस्तुलाची स्प्रिंग तुटली, कुणीतरी त्यांना तुझं नाव सुचवलं, आणि तू ती दोन दिवसांत हाताने करून दिलीस. त्यानंतर तू कारखान्यात परत गेलाच नाहीस. वीस वर्षं क्लबच्या मागच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याची पिस्तुलं सांभाळलीस. तुझ्या मालकीचं त्यातलं एकही नव्हतं. तुझ्या होत्या त्या कानशी, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक चेपलेला ऑइलकॅन.

पहिली कबुली. मी नेम धरलेला आहे. गोळी झाडलेली आहे.

बारावीची परीक्षा संपली होती. तू मला रेंजवर घेऊन गेलास. मी काहीतरी इंग्रजीत किरकिरले, तर म्हणालास, "मराठीत बोल. पिस्तुलाला इंग्रजी कळत न्हाई, ते जर्मन हाय." मग ते लुगर पिस्तूल दाखवलंस. त्याचा वरचा भाग गोळी सुटली की कोपरासारखा वर मोडतो आणि परत सरळ होतो. बारीकसारीक प्रत्येक भागावर तेच दोन आकडे ठोकलेले असतात, आणि एखादा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला की जमवणारे नाक मुरडतात. तुझ्या हातातलं तसंच होतं, चार ठिकाणच्या भागांचं. म्हणून ते चांदमारीला वापरायची परवानगी होती.

"हे आपल्यासारखं," म्हणालास. "भाग सगळीकडचं, पण चालतंय. यल्ला, चल, आवाज रोखायचं ते कानावर चढीव."

आठ गोळ्या. सात भोकं कागदावर बशीएवढ्या जागेत, आठवं बाहेर. मी हसले. मोठ्याने, खिदळत, तोंड उघडं टाकून. "अजून," म्हणाले. तू कागद काढून घडी केलीस, खिशात ठेवलास. त्यानंतर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी प्रत्येक सुट्टीत "अजून" म्हणत आले. ही गोष्ट मी पुण्यात एकाही माणसाला सांगितलेली नाही.

पुण्यात मला गट मिळाला. शस्त्रांच्या धंद्याविरुद्ध बोलणारी दहा-बारा माणसं, एक खोली, एक छपाईवाला. मला ते सगळं पटलं, आजही पटतं. हे लिहिताना मी पलटलेली नाही, हे तुला माहीत असू दे. पण पटल्यावर पहिल्यांदा मी तुझ्यावर चालून गेले, कारण तू जवळ होतास आणि उलटा फिरत नव्हतास.

करामातल्या आमच्या घरात, आईने तुझ्यासाठी तांबडा रस्सा केला होता, ती दुपार मला शब्दशः आठवते.

"मामा, ही माणसं मारायला बनवलेली वस्तू आहे."

"व्हय. मग?"

"मग तू तिला तेल घालतोस!"

"न घालून काय मेलेली उठणार हायत?"

"हा मुद्दा नाही."

"मग मुद्दा सांग की. ऐकतोय. तेवढी रश्श्यातली भाकरी खा आधी, विरघळाय लागली."

आई हसली, बाबा हसले, आणि मी ताट सोडून उठले. दार लावताना तुझं ऐकू आलं, "पत्रकवाली तापली." त्या दिवसापासून तू मला तेच म्हणत आलास. मी चिडायचे. आता कुणी म्हणणार नाही.

आपण किती वेळा भांडलो असू? दर वेळी तुझ्या हातात एक हुकमाचा पत्ता होता. "तूही झाडल्यास गं गोळ्या, आणि हसलीस," एवढंच म्हणायचं होतं. भांडण तिथेच खलास झालं असतं. तू एकदाही म्हणाला नाहीस. आईसमोर नाही, एकट्यात नाही, चिडल्यावरही नाही. मी या सभ्यपणाला तुझा पराभव समजत होते.

आता खंडेनवमी.

तू दर वर्षी वर्कशॉपमध्ये पूजा करायचास, आणि मिरजेच्या माहेरचा कडकपणा मुरलेली मामी दर वर्षी कोल्हापुरातून विचारायची, "केलीत का हो खरंच, का नुसतं सांगताय?" त्या वर्षी मी सुट्टीवर होते. आईने करामातून झेंडू बांधून दिला आणि मी तुझ्याकडे आले. वर्कशॉपमध्ये फोन न्यायचा नाही, दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, हा नियम. मी म्हणाले, "मामीला फोटो पाठवू ना पूजेचा. एकदाच." तू इकडे तिकडे बघितलंस आणि मान हलवलीस. वीस वर्षांत तू मोडलेला हा एकच नियम असावा. मामीसाठी मोडलास.

हिरव्या रबरी चटईवर तू धुतलेला पंचा अंथरलास. त्यावर कानशी, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, ऑइलकॅन. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर एक फूल. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बू राशिद यांचं सगळ्यात लाडकं पिस्तूल उघडं होतं, पहिल्या महायुद्धातलं, सगळे आकडे जुळणारं. तेल लावून झालं होतं, रिकामं आहे हे तू मला तीनदा दाखवलं होतंस.

मी विचारलं, "याला नाही फूल?"

"त्याला कशाला?"

"खंडेनवमीला शस्त्रं पुजतात ना."

"ज्याचं त्यानं पुजावं. हे माझं न्हाई." तू फडक्याला हात पुसलेस. "आणि हे कुणाच्या कमरेला होतं मला ठाऊक न्हाई. कुणावर झाडलं ते तर बू राशिदलाबी ठाऊक न्हाई. लढाईत होतं एवढं खरं. समोर एखादं पोरगं पडलं असंल. त्या पोराला फूल वाहायचं सोडून ह्याला वाहू व्हय?"

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आमच्या खोलीत दोन वर्षांत इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर बू राशिद यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. "दोन मिनिटांत आलो," म्हणालास. "हात लावू नको कशाला. तुझा हात खारट हाय." ही तुझी जुनी थट्टा. काही माणसांचा घाम असा असतो की लोखंडावर बोट टेकलं तरी चार दिवसांत गंज उमटतो, आणि तिथल्या दमट हवेत तर नक्कीच. म्हणून तू सुती हातमोजे घालायचास आणि मलाही घालायला लावायचास.

तू गेलास. मी मोठ्या कानशीवरचं फूल उचललं. पिस्तुलाच्या त्या मोडलेल्या कोपरात ठेवलं. करंगळीने कुंकू लावलं, नळीच्या मागे मुकुटाचा शिक्का आहे त्याच्या शेजारी. उजेड नीट येईना म्हणून उघड्या हाताने पिस्तूल फिरवलं. तीन फोटो काढले. फूल परत कानशीवर ठेवलं, कुंकू ओढणीने पुसलं. हे सगळं करायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तू आलास. हातमोजे चढवून ते पिस्तूल तसंच पेटीत ठेवलंस. "मामीला पाठवलास?"

"पाठवला."

तोही खरंच पाठवला होता. कानशींचा फोटो. तो अजून मामीच्या फोनवर पहिल्या पडद्याला आहे. तो खरा फोटो होता आणि तो कुणीही पुढे पाठवला नाही.

दुसरा फोटो पत्रकावर आला. आमच्याकडे शिकवतात, मथळा चावला पाहिजे. मी लिहिलं, "नाझी पिस्तुलाला कुंकू!" खाली लिहिलं की आपल्यातलाच एक मराठी माणूस आखातात बसून नाझी पिस्तुलांना हळदकुंकू वाहतो, फुलं वाहतो, आणि त्याला आपण सण म्हणतो. नाव नव्हतं. पण "माझ्या जवळच्या नात्यातला," असं मी घातलं होतं, कारण त्याने वजन येतं. सगळ्यांनी पाठ थोपटली. गुलाबी कागदावरच्या प्रती संपल्या, मग कुणीतरी पत्रकाचा फोटो काढला, आणि तो फोनाफोनांतून जिथे जायचा तिथे गेला.

तुझा फोन आला तेव्हा मी गटाच्या खोलीत होते.

"फोटो बघितला," म्हणालास.

"कुठला?"

"गुलाबी कागदावरचा. करामात फिरला, मग क्लबात. चटई ओळखली त्यांनी, हिरवी."

मी उठून खोलीचं दार लावलं.

"मी सांगितलं, मीच काढला. आमचा सण असतोय, भक्तीनं काढला म्हटलं. वर्कशॉपच्या किल्ल्या दिल्या परत. आता बाहेर रेंजवर हाय. टार्गेटचे कागद बदलायचे, रिकाम्या पुंगळ्या झाडून काढायच्या. उनाचं जरा, बाकी बरं हाय."

यावर मी काय म्हणाले ते मला लिहायचं नव्हतं. बारा दिवस याच वाक्याभोवती फिरते आहे. मी म्हणाले, "बरं झालं, मामा. सुटलास त्या घाणीतून."

तुझ्या खोलीतला एसी ऐकू येत होता. मग तू म्हणालास, "हं. जेवलीस का?"

तू माझं नाव सांगितलं असतंस तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शस्त्रांच्या खोलीत फोन, फोटो, पत्रक. चौकशी बाबांच्या नोकरीपर्यंत, व्हिसापर्यंत पोचली असती. करामातलं घर उठलं असतं. मला हे माहीत नव्हतं, असं कुणी माझ्या बाजूने म्हणू लागलं तर त्याचं ऐकू नकोस.

परवा आई आणि मी तुझं सामान आणायला आलो. क्लबमध्ये बू राशिद यांनी आम्हाला आत बोलावलं. म्हातारे झालेत. हिंदी तीच, तुझ्याशी वीस वर्षं बोलून घासलेली. तुझ्या कानशी-हत्यारांची पेटी त्यांनी स्वतः उचलून टेबलावर ठेवली. आई रडायला लागली, तर तिला म्हणाले, "सिस्टर, दिनकर जैसा हाथ नहीं मिलेगा. खलास." मग एका माणसाला खुणावलं. त्याने पिस्तुलाची ती पेटी आणली.

ते पिस्तूल मी ओळखलं. मुकुटाच्या शिक्क्याशेजारी एक तपकिरी डाग होता. जवळून बघितल्यावर रेषा दिसल्या. गोल, एकात एक, स्वच्छ. अंगठा.

"ये फोटो के बाद निकला," बू राशिद म्हणाले. "मैं बोला, दिनकर, पॉलिश करके निकाल दो. वो बोला, नहीं अरबाब, पॉलिश करेगा तो शिक्का भी जाएगा, असली रंग भी जाएगा. बोला, मेरा अंगूठा है, मेरी गलती, रहने दो. चाबी तो मैं ले लिया था. फिर भी हर हफ्ते मेरे सामने बैठके उस पे तेल लगाता था. बढ़ने नहीं दिया."

मी खाली बघत होते.

"बीस साल मैंने दिनकर का अंगूठा देखा है," ते म्हणाले. "बीच में कटा हुआ. इतनी बड़ी लाइन." त्यांनी आपल्या अंगठ्यावरून नख फिरवलं. "ये पूरा अंगूठा है. छोटा भी है."

आईने माझ्याकडे बघितलं. बू राशिद यांनी बघितलं नाही. ते पेटी बंद करत होते.

"तो आपने चाबी क्यों ली?" आईने विचारलं. मला नवल वाटलं, तिचा आवाज इतका कोरडा होता.

"सिस्टर, क्लब का कायदा है. फाइल में एक नाम लिखना पड़ता है. उसने अपना दिया." पेटीची कडी लावत म्हणाले, "मैंने ले लिया. वो भी ठीक नहीं था." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "चाय पियो, बेटा."

मी चहा प्यायले. "मेरा है," हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मोर्च्यात माझ्या घोषणेला माइक लागत नाही. तिथे मी चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि "शुक्रन" म्हणत आभार मानले.

गाडीत शारजा आल्यावर आईने खिडकीची काच वर घेतली. मग म्हणाली, "दिनूने मला कधी सांगितलं नाही." पुन्हा दहा मिनिटांनी, "तूही नाही." बस, एवढंच.

निघण्याआधी तुझी खोली रिकामी केली होती, तिथे फार काही नव्हतं. कपाटात एक प्लास्टिकचं फोल्डर. त्यात पासपोर्टच्या प्रती, मामीची दोन पत्रं, चार घड्या घातलेला एक टार्गेटचा कागद. सात भोकं बशीएवढ्या जागेत, आठवं बाहेर. कोपऱ्यात तुझ्या अक्षरात, "आमची रेवती. पहिल्यांदा." आणि त्याच्याखाली माझं गुलाबी पत्रक.

मामा, तू ते पेन्सिल घेऊन वाचलं होतंस. मी एका ठिकाणी "रिव्हॉल्वर" लिहिलं होतं, तू खोडून "पिस्तूल" केलंस. "सहा गोळ्या"वर काट मारून "आठ". "नाझी" या शब्दाला गोल करून समासात लिहिलंस, "त्याच्या आधीचं. कैसरच्या वेळचं. मुकुटाचा शिक्का बघ." हे सगळं तू मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतंस. मी चुकले नव्हते, मी मुद्दाम लिहिलं होतं. "नाझी" चावतो.

मग ती ओळ येते. हळदकुंकू वाहतो, फुलं वाहतो. तिथे तू काहीच लिहिलं नाहीस. खोडलं नाहीस, गोल केला नाहीस. समासात पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका आहे. पिस्तुलाबद्दलचं खोटं तुला बघवेना म्हणून दुरुस्त केलंस. स्वतःबद्दलचं तसंच ठेवलंस.

त्या ठिपक्याकडे मी तीन दिवस बघते आहे. तो राग असेल, थकवा असेल, किंवा मामीचा फोन आला असेल आणि तू उठला असशील. मला कळणार नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावणार नाही. सोयीचे अर्थ पुष्कळ लावून झाले.

आपलं भांडण मिटलेलं नाही. पिस्तूल माणूस मारायला बनतं, हे मी उद्याही म्हणेन. पण एवढं कळलं की ते मला कळायच्या आधी तुला कळलं होतं, आणि तू ते फुलाच्या वेळी पाळलंस. मी ते मथळ्याच्या वेळीही पाळलं नाही. आणि शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत कुणीतरी कानस घासून ते कोपर बसवलं, त्या कारागिराचं नाव कुठेच नाही, याचं तुला जे वाटायचं, ते मी कधी ऐकूनच घेतलं नाही. तू दोनदा सांगायला लागला होतास. दोन्ही वेळा मी मध्ये बोलले.

गटात मी फोनवर सांगितलं, दुरुस्ती छापायची. ते म्हणाले, कशाला, विषय जुना झाला, उगाच आपली विश्वासार्हता जाईल. मग मी स्वतः छापते आहे. तोच गुलाबी कागद, पहिलं पान, अक्षर तेवढंच मोठं. आमच्या पत्रकांवर नाव नसतं, यावर असेल. बाबा निवृत्त झाले, पुढच्या महिन्यात करामातलं घर सोडून दोघं पुण्याला येताहेत. तुझी ढाल आता कुणाला लागत नाही. खरं बोलायला आता मला काहीच मोजावं लागत नाही, याचीही लाज वाटते.

पहिली प्रत मामीला देईन. ती आधी तुझी हत्यारं घरात घेईल, मग मला आत घेईल की नाही ते तिच्यावर.

तू सोडलेली ओळ अशी दुरुस्त केली आहे. बघ, बरोबर आहे का.

"खंडेनवमीला दिनकरने फुलं वाहिली ती आपल्या कानशींना. पिस्तुलाला त्याने फूल वाहिलं नाही, विचारल्यावर नाही म्हणाला आणि का ते सांगितलं. त्याची पाठ वळल्यावर फूल मी ठेवलं, कुंकू मी लावलं, फोटो मी काढला. पिस्तुलावर उमटलेला अंगठा माझा आहे."

— रेवती